काठावरचा हात

६ एप्रिल

पोरीच्या पोहण्याच्या प्रशिक्षक करुणा मॅडम म्हणतात, राग आला की हात उचलायच्या आधी लिहून काढा. आज हात आधी उचलला गेला, लिहायला आत्ता बसलोय. डायरी खताच्या दुकानदाराने दिलेली आहे, जानेवारीपासून कोरीच पडली होती.

झालं ते असं. बारामतीच्या तलावावर आमच्या क्लबच्या स्पर्धा होत्या. माझी उत्कर्षा, बारा वर्षांची, पन्नास मीटर फ्रीस्टाइलला उतरली होती. तलाव पंचवीस मीटरचा, म्हणजे जाऊन परत यायचं आणि जिथून उडी मारली त्याच भिंतीला हात लावायचा. दर लेनच्या टोकाला पालकांपैकीच दोघं घड्याळ धरून उभे असतात. पोराचा हात भिंतीला लागला की बटण दाबायचं, एवढंच काम. उत्कर्षाच्या लेनला वडगाव निंबाळकरचा संदेश होता. तो दुधाचं कलेक्शन करतो, त्याची दिशा उत्कर्षाबरोबरच शिकते. उत्कर्षा सगळ्यांच्या पुढं होती. मी काठाकाठाने तिच्या बरोबर पळत होतो, घसा फुटेस्तोवर ओरडत होतो. भिंत दोन हातांवर आली आणि पोरगी मंदावली. का, कोण जाणे. वेळ पडली त्रेचाळीस सेकंद.

मी संदेशला म्हणालो, बटण उशिरा दाबलंस. तर म्हणतो कसा, "दादा, पोरीनंच हात उशिरा लावला, मी काय करू?"

हात उठला. दोन बसल्या असतील, फार तर तीन. त्याच्या नाकातून रक्त आलं, घड्याळ पाण्यात गेलं. चौघांनी मला मागून धरलं, त्यात एकाची बाही खांद्यापासून फाटली. उत्कर्षा अजून पाण्यातच होती, मधोमध, दोरीला धरून. सगळी पोरं वर आली तरी ही वर येईना.

मॅडमनी मला कुंपणाबाहेर काढलं. त्या म्हणतील तेव्हाच आत यायचं. माझ्या खांद्याला लागतील एवढी त्यांची उंची, पण आवाज चढवला नाही आणि पाऊलभर मागं सरल्या नाहीत. दुसरं कोणी असतं तर तिथंच आडवं केलं असतं.

११ एप्रिल

आता उत्कर्षाला सरावाला माझी बायको सोनम घेऊन जाते. मी तलावाबाहेर लिंबाखाली बोलेरोत बसतो. तेही उत्कर्षाला कळू देऊ नका म्हणते सोनम.

आज अडतीस सेकंद आले म्हणे. मी म्हणालो, खोटं. माझ्यासमोर ती चाळिसाच्या आत कधी आली नाही. सोनम भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी नसल्यावर ती बरी पवती."

ताट भिंतीवर गेलं. आमटीचा ओघळ पार खाली फरशीपर्यंत आला. उत्कर्षा फडकं घेऊन आली आणि पुसायला बसली. पोरगी गुणाची आहे.

१६ एप्रिल

चौदा तारखेला मॅडमच्या घरी जयंतीची गडबड होती, म्हणून सराव आजपासून पुन्हा सुरू झाला. मॅडम स्वतःच बाहेर लिंबाखाली आल्या. मला वाटलं बंदी उठवायला आल्या.

अठरा मेला मोठी स्पर्धा आहे, इंदापूरची पोरंही येणार आहेत. त्यातूनच पुढच्या निवड चाचणीला पोरं घेणार. पण घड्याळं धरायला पालक मिळेनात. दर लेनला दोन माणसं हवीत, लेन सहा, आणि तयार झालेत तिघं. माणसं मिळाली नाहीत तर स्पर्धा रद्द. म्हणजे उत्कर्षाचं वर्ष बुडालं.

मॅडम म्हणाल्या, "पालक का येत नाहीत, याचा विचार केलात कधी?"

"कामचोर आहेत," मी म्हणालो. "पोराला सोडायचं आणि मोबाईलवर बोटं फिरवत बसायचं."

मी म्हणालो, माणसं मी आणतो, तुम्ही फक्त मला आत घ्या. त्या म्हणाल्या, "हात न उचलता आणाल?" मी शब्द दिला.

मग म्हणाल्या, उत्कर्षा भिंतीजवळ आली की हात आखडता घेते, तिला पोहायला कोणी शिकवलं? मी सांगितलं, मीच, आमच्या लासुर्ण्याच्या विहिरीत, सहा वर्षांची असताना. पाठीला तरंगायला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचं ढकलून. दोन दिवसांनी डबा काढायचा. पोर दमलं की पायरीला हात टेकायला बघतं. टेकू द्यायचा नाही. वर फोक घेऊन बसायचं आणि हात काठाला लागला रे लागला की बोटांवर द्यायचा. माझ्या वडिलांनी, आबांनी, मलाही असंच शिकवलं, माझ्या करंगळीचं नख अजून वाकडं आहे. उत्कर्षा चार दिवसांत तयार झाली. नंतर तर काठाकडे बघायचीसुद्धा नाही, मधल्यामधेच फिरत राहायची.

मॅडम बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि आत गेल्या. शहरात शिकलेल्यांना विहिरीचं कळत नाही, त्याला इलाज नाही.

२५ एप्रिल

सध्या कालव्याला आवर्तन चालू आहे. पाण्याची पाळी चुकवली तर ऊस वाळतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तसंच मी पालकांचं केलं. पाळ्या लावल्या. ग्रुपवर टाकलं, ज्याची पाळी चुकेल त्याच्या पोराला लेन मिळणार नाही.

दुपारपर्यंत बरेच जण ग्रुप सोडून गेले. उरलेल्यांपैकी कोणी उत्तर देईना. मग मीच निघालो. माझे ट्रॅक्टर दर हंगामाला या पट्ट्यातला ऊस कारखान्यावर नेतात. कोणाच्या फडात ट्रॉली आधी लावायची आणि कोणाचा ऊस तुरे फुटेपर्यंत उभा ठेवायचा, हे मी ठरवतो. एवढं सांगितलं की माणसं माना डोलावतात.

हात दोन्ही खिशात ठेवले होते. सोमेश्वरनगरच्या एकाने मात्र दारच उघडलं नाही. वळताना त्याच्या मोटरसायकलला बोलेरोचा धक्का लागला, ती गटारात गेली. पुढं लासुर्ण्यातच एकाच्या ठिबकच्या नळ्या चाकाखाली आल्या. हात मी उचलला नाही. दोघंही येतो म्हणाले.

४ मे

माणसं पुरी झाली, एकाला एक जोडून. बाराव्या जागेवर मी माझा चुलतभाऊ इंद्रजित घातला. आमचं बांधावरून आठ वर्षं बोलणं नाही, पण त्याचा शंभूराज क्लबात आहे. पोरासाठी येईल. त्याला चार नंबरच्या लेनला लावलं.

नवल म्हणजे या बारांत संदेश आपणहून आला. नाकावर अजून खूण आहे. माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाला, "मला पाच नंबर द्या. कडंची लेन नगं, मधी ऱ्हायलं म्हंजी दोन्ही बाजूची पोरं दिसत्यात." मार खाऊनही आला. असल्या माणसाला काय म्हणावं ते कळत नाही. त्याच्या जागी मी असतो तर तलाव पेटवला असता.

१६ मे

हे नीट लिहायला पाहिजे, कारण मॅडमनी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

सकाळी इंद्रजित बांधावर भेटला. मी म्हणालो, रविवारी सातला तलावावर ये. तो म्हणाला, "रविवारी माझी पाण्याची पाळी हाय. घड्याळ धरू का पानी धरू?"

"माझा माणूस पाठवतो, तो धरील तुझं पाणी."

"तुझा माणूस? गेल्या साली बांध कोरला त्योच ना? त्याला पानी दावू व्हय मी?"

मी म्हणालो, पोराला पोहायला पाठवतोस आणि एक सकाळ उभं राहायला होत नाही? तो म्हणाला, "शंभूला मी काढलाय क्लबातनं. तू जितं हाईस तितं माझं पोरगं न्हाय पाठवायचो. निम्मी माणसं तुझ्यामुळं येत न्हाईत, तुला कुनी तोंडावर सांगत न्हाय एवढंच."

पुढचं भराभर झालं. मी त्याची गचांडी धरली. त्याने पायातला बूट काढून माझ्या भुवईवर हाणला, डोळ्यात रक्त उतरलं, मला काही दिसेना. आम्ही दोघं पाटात पडलो. तो माझ्या छातीवर बसला आणि तोंड पाण्यात दाबलं. चिखल नाकातोंडात गेला. हाताला खोऱ्याचा दांडा लागला. दांडा फिरला. काडी मोडावी तसा आवाज आला आणि इंद्रजित बाजूला पडून ओरडायला लागला. उजवं मनगट. हात भलत्याच बाजूला लोंबत होता.

आबा काठी टेकत आले. दोघांच्या तोंडावर थुंकले आणि म्हणाले, "घरातलं घरात ऱ्हाऊ द्या. पोलिसात कुनी जायाचं न्हाय." इंद्रजितला बारामतीला नेलं, हातात सळई घालणार आहेत. माझ्या भुवईला पाच टाके पडले.

पाटाच्या कडेला बसलो तेव्हा ध्यानात आलं की चार नंबरच्या लेनचा माणूस गेला. ज्या हाताने घड्याळ धरायचं तोच हात. या गोष्टीचा राग कोणावर काढावा तेच कळेना, म्हणून घरी येऊन दार मोडलं.

१८ मे

स्पर्धा झाली.

सकाळच्या फेऱ्यांना मी बोलेरोतच होतो. उत्कर्षा एक नंबरच्या लेनला होती. लाऊडस्पीकरवर ऐकलं, सदतीस सेकंद. एकूण दुसरा नंबर. मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या, शेजारच्या रिक्षावाल्याला मिठी मारली. मोजणाऱ्यांना नीट मोजता आलं म्हणजे माझी पोरगी काय आहे ते दिसतं.

अंतिम फेरीला दुसऱ्या नंबरचं पोर चार नंबरच्या लेनला येतं. आणि चार नंबरला घड्याळ एकच. इंदापूरचे प्रशिक्षक अडून बसले, सकाळच्या फेऱ्या चालवून घेतल्या, अंतिम फेरी एका घड्याळावर होऊ देणार नाही. सोनम दोन नंबरला उभी होती, बाकीचे आपापल्या जागी. एक माणूस कमी. मॅडम फाटकापाशी आल्या. माझ्या टाक्यांकडे बघून विचारलं. मी म्हणालो, ट्रॉलीवरून पडलो. त्यांना खरं माहीत होतं असं वाटलं. पण आत इंदापूरवाले पोरांचे कपडे बॅगेत भरायला लागले होते.

त्या म्हणाल्या, "तुम्ही एक नंबरला उभे राहा. तिथला माणूस चारला येईल. स्वतःच्या मुलाच्या लेनला उभं राहायचं नसतं. फक्त घड्याळ, दादा. तोंड नाही, हात नाही."

मी हो म्हणालो आणि सरळ चार नंबरला गेलो. पोरीला भिंतच जमत नाही ना, मग बाप भिंतीवर उभा असला म्हणजे जमेल, हा माझा विचार. मॅडम "दादा, दादा" करत मागून आल्या. मी उडीच्या ठोकळ्याचा दांडा धरून ठेवला. म्हणालो, आता इथून मला जेसीबी लावून काढा. पंचांनी शिट्टी वाजवली, पोरं ठोकळ्यांवर चढली होती.

उत्कर्षाने मला तेव्हा पाहिलं. मी हळूच म्हणालो, "हात नीट लाव. मी बघतोय." तिच्या मानेवर काटा उभा राहिला, एवढ्या उन्हात. मला वाटलं, जिद्द.

उडी अशी मारली की लोकांनी आ वासला. जाताना पहिली, वळताना पहिली. येताना तिच्या आणि बाकीच्यांच्या मधे एक अख्खं पोर बसलं असतं. मी खाली वाकलो, हात लागलेला नीट दिसावा म्हणून. घड्याळाचा हात वर धरला होता, अंगठा बटणावर.

भिंत एक हातावर आली आणि तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. माझ्या वरच्या हाताकडे बघितलं. आणि थांबली. तिथल्या तिथे पाणी मारत राहिली, जशी विहिरीत मारायची. मी ओरडलो, हात लाव. संदेश शेजारून ओरडला, लाव बाळा. दोन्हीकडची पोरं येऊन भिंतीला टेकली. सगळी टेकली. ही माझ्यापासून एक हात लांब, तोंडात पाणी जातंय, ठसका लागलाय, तरी भिंत धरेना. मग बुडी मारून दोरीखालून पाच नंबरच्या लेनमध्ये गेली आणि संदेशच्या पायाशी दोन्ही हातांनी काठ धरला.

पंचांनी बाद केलं.

मी उडी मारूनच तिथं गेलो. संदेशने तिला वर काढली होती. तो मधे आला, मी त्याला ढकललं, तो ठोकळ्यावर आपटला आणि पुन्हा उठून मधे आला. सोनम पळत येत होती. मी उत्कर्षाचा दंड धरला. विचारणार होतो, भिंत का धरली नाहीस. एवढंच विचारणार होतो.

तिने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. पालथे. बोटं जुळवून, नखं वर.

सगळ्या तलावाने ते पाहिलं. एवढे पालक, इंदापूरचे, बारामतीचे, पोरं, पंच. तिच्या बोटांवरून पाणी टपकत होतं. ती वाट बघत होती.

मी दंड सोडला. सोनम आली, तिने टॉवेल टाकला आणि ते हात टॉवेलात गुंडाळून घेतले.

१९ मे

घड्याळ खिशातच घरी आलं. चालूच होतं. हात भिंतीला लागला नाही म्हणून मी बटण दाबलंच नव्हतं. सोनम उत्कर्षाला घेऊन माहेरी वडगावला गेली. मी अडवलं नाही. घड्याळही बंद केलं नाही.

२३ मे

विहिरीतल्या मोटरचा फुटव्हॉल्व्ह कचऱ्याने चोंदला. गडी नव्हता, मीच उतरलो. आवर्तनाने विहीर भरली आहे, पुरुषभराहून जास्तच पाणी. दोन बुड्या मारून पाला काढला. तिसऱ्या बुडीला दम संपला. वर आलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी. पायरी समोरच होती.

वर काठाला आबा बसले होते, झाडाच्या सावलीला.

पायरीला हात लावायला गेलो आणि हात मागं आला. मी मागं घेतला नाही, आपोआप आला. पुन्हा गेलो. पुन्हा बोटं मुठीत मिटली. नाकात पाणी गेलं. बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, विहिरीच्या मधोमध पाणी मारत होतो.

"काय झालं रं?" आबा वरून म्हणाले. "पायरी धर की."

आबांचं वय ऐंशीला आलंय. त्यांच्या हातात काही नव्हतं, तंबाखूची डबी होती. मी पोहत पलीकडे गेलो आणि मोटरचा दोर धरून वर आलो. दोराने तळहात सोलला.

"आबा," मी म्हणालो, "मी ल्हान आसताना तुमी फोकानं किती मारायचा?"

"तुला? कधी मारलं?" आबा म्हणाले. "पवायला शिकवलं की तुला."

ओल्या कपड्यांनीच त्यांच्या शेजारी बसून राहिलो. त्यांना आठवत नाही, ते खोटं बोलत नव्हते. याचाच मला जास्त त्रास झाला.

२ जून

मॅडमचा फोन आला. मला वाटलं, उत्कर्षाला क्लबातून काढल्याचं सांगायला केला. तर म्हणाल्या, ती सोमवारपासून सरावाला येतेय, वडगावहून संदेश दिशाबरोबर तिलाही आणतो. पंधरा जूनला इंदापूरला स्पर्धा आहे, चाचणीसाठी अजून एक संधी. पुन्हा पालक हवेत. या खेपेला ग्रुपवर एका संध्याकाळीच माणसं पुरी झाली, घड्याळाची सगळी. फक्त वाहनं लावायला माणूस नाही.

"ते मी करतो," मी म्हणालो.

"वाहनं गेटावर लावायची आहेत," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "मॅडम, इंदापूरला गेटावरून तलाव दिसतो का?"

"नाही दिसत, दादा. मधे कपडे बदलायच्या खोल्या आहेत."

"आणि तलावातून गेट?"

"तेही नाही."

"मग मला तिथंच उभं करा," मी म्हणालो. "आणि मी आहे म्हणून तिला सांगू नका."

फोन ठेवला. ते घड्याळ मॅडमना परत करायचं राहिलंय, संदेशच्या दुधाच्या गाडीत उद्या सकाळी देईन.